सगळे पाटील एकच का?

प्रश्न (घणसोली): आम्ही पाटील, आगरी. समोरचे पाटील जैन, वरच्या मजल्यावरचे कोळी. मूळ एकच का?

उत्तर: नाही. पाटील हे कामावरून पडलेलं नाव. सारा वसुली आणि गावचा बंदोबस्त ज्या घराकडे, ते घर पाटलांचं. मग ते आगरी असो, मराठा, कोळी, लिंगायत की जैन. महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं. जासईचे दि. बा. पाटील आगरी, कर्मवीर भाऊराव पाटील जैन. आडनावावरून कुणाची जात ठरवू नका, फसाल.

प्रश्न (ऐरोली, मूळ उरण): मुलाला ओबीसीचा दाखला काढायचाय. आजोबांच्या शाळेच्या कागदावर आडनावच नाही, नुसतं 'गणू हिरू'. अडेल का?

उत्तर: आडनावापायी सहसा अडत नाही. अडतं ते जातीचा रकाना कोरा असला किंवा पिढ्यांची साखळी तुटली की. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा बघतात आणि तेव्हा घर जिथे होतं तिथलाच दाखला मिळतो. म्हणजे तुमचा अर्ज ठाण्यात नाही, रायगडात प्रांताधिकाऱ्यांकडे. जुन्या कागदांवर जिल्हा 'कुलाबा' दिसेल. घाबरू नका, तोच आताचा रायगड.

आधी शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. रकान्यात नुसतं 'हिंदू' असेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्ममृत्यूच्या नोंदीत जात सापडते. तिथेही नसेल तर आजोबांचे सख्खे भाऊ, आत्या यांचे कागद शोधा. वडिलांकडचंच रक्ताचं नातं चालतं, मामाकडचं नाही. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. एकीकडे 'गणू', दुसरीकडे 'गणपत' असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची, हे त्यातच स्पष्ट लिहा. आणि कृपा करून जुन्या कागदावर पेन लावू नका. पडताळणीत मूळ रजिस्टर काढून बघतात. वेगळी शाई दिसली की खरा दावाही बुडतो.

घणसोलीकरांनी वरच्या मजल्यावरच्या कोळी शेजाऱ्यांनाही सांगावं: 'कोळी' विशेष मागास प्रवर्गात, 'महादेव कोळी' अनुसूचित जमातीत. कागदावर जे आहे तेच अर्जात लिहायचं.

प्रश्न (कळवा): मुलीला पाटलांचंच स्थळ आलंय. चालेल?

उत्तर: कायद्याला आडनावाशी देणंघेणं नाही. हिंदू विवाह कायदा सपिंड नातं बघतो, म्हणजे दोघांचा जवळच्या पिढ्यांत एकच पूर्वज नसावा: स्वतःपासून मोजून वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. देवक पाळत असाल तर तेवढं विचारून घ्या.