बेघर मुला-तरुणांना आसरा देणाऱ्या संस्थेची धुरा नव्याने हाती घेताय, त्यासाठी

तुम्ही हे काम स्वीकारलंत याचा मनापासून आनंद झाला. पण पहिल्या वर्षी नवे उपक्रम काढायची घाई करू नका. ही मुलं घरं आणि माणसं बदलत आलेली असतात. त्यांना सगळ्यात जास्त हवं असतं ते टिकून राहणारं माणूस. म्हणून कार्यकर्ते दमून सोडून जाणार नाहीत, एवढं आधी बघा. पगार वेळेवर, सुट्टी ठरलेली.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- मुलांचे फोटो आणि करुण कहाण्या दाखवून देणग्या मागणं. अजिबात नको.
- ओळखीचा आहे म्हणून स्वयंसेवकाला चौकशीशिवाय मुलांमध्ये सोडणं.
- एकाच देणगीदारावर सगळा डोलारा उभा करणं.

अनेक ठिकाणी वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की मुलांचा आधार संपतो, त्यामुळे त्यांना बाहेर पडून राहता यावं याची तयारी दोन वर्षं आधीच सुरू करा. बेघर तरुणांचं पहिलं अडतं ते कागदांवाचून: ओळखपत्र नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून भाड्याची खोली नाही. जन्मदाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती संस्थेत जपून ठेवा.

आणि नियम ठरवताना मुलांनाही बैठकीला बसवा. रात्री दार कधी बंद करायचं हे त्यांना विचारून ठरलं, तर ते पाळलंही जातं.

अनुदानाचे अर्ज, अहवाल वगैरे नंतर बघू.