शेंगदाण्याची ओरल इम्युनोथेरपी सुरू करताय? आधी हे वाचा

ही शेंगदाण्याच्या अॅलर्जीवरची उपचारपद्धत: दाणा अगदी थोड्या, हळूहळू वाढवत नेलेल्या डोसात रोज खायला देऊन शरीराला त्याची सवय लावायची.

सर्वांत आधी दमा आटोक्यात आणा. दमा बळावलेला असताना डोस सुरू करणं धोक्याचं आहे, डॉक्टरही थांबायलाच सांगतील.

पहिला डोस आणि नंतरची प्रत्येक वाढ दवाखान्यातच. वाढ साधारण दोन आठवड्यांनी होते, मधले रोजचे डोस घरी.

घरच्या डोसात सर्वांत मोठी चूक वजनाची. डोस दाण्यातल्या प्रथिनांत मोजतात, आणि ३०० मिलिग्रॅम प्रथिनं म्हणजे ३०० मिलिग्रॅम दाणा नव्हे. अख्ख्या दाण्यात प्रथिनं जेमतेम पाव भाग, म्हणजे दाणा सुमारे १.२ ग्रॅम लागतो. तेल काढलेल्या पिठात मात्र ती निम्म्याच्या आसपास. दाण्याचा आकडा धरून पीठ मोजलं, तर डोस दुप्पट जातो! म्हणून पदार्थ आपल्या मनाने बदलू नका, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या.

डोस रिकाम्या पोटी नको. नंतर निदान दोन तास पळापळ, गरम पाण्याची आंघोळ, झोप टाळा. कालपर्यंत पचलेला डोसही ताप, व्यायाम किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीमुळे त्रास देतो. ताप असेल किंवा सलग काही दिवस खंड पडला, तर आधी फोन, मग डोस.

श्वास अडला, आवाज बसला, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. अँटिहिस्टॅमिनवर, म्हणजे अॅलर्जीच्या नेहमीच्या औषधावर, विसंबू नका, त्याने श्वास मोकळा होत नाही.

आठवडे उलटूनही पोटदुखी, घास अडकणं चालू असेल तर सांगाच. अन्ननलिकेला सूज आलेली असू शकते.