मारहाणीमुळे सासर सोडलं, अर्धवट राहिलेलं बी.एड. पूर्ण करायचंय. फीसाठी नवऱ्याकडून पैसे मागता येतात का?

मागता येतात. संरक्षण अधिकाऱ्याकडून (अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा वकिलामार्फत 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12चा अर्ज करा, त्यात कलम 20खाली खर्च मागा. अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यातला शाळेच्या फीचा रकाना मुलांचाच समजून स्वतःची फी राहून जाते. ती ‘इतर खर्चा’त लिहा: सत्राची फी, परीक्षा शुल्क, बसपास, प्रत्येकाचा आकडा वेगळा, सोबत कॉलेजचं फीपत्रक. मोघम ‘शिक्षणखर्च’ लिहिलात तर रक्कम ठरवायला कोर्टापुढे आधारच नसतो.

निकाल 60 दिवसांत, हे कागदावर! तोवर प्रवेशाची तारीख उलटते. म्हणून कलम 23चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच तात्पुरता आदेश मागणारा अर्ज, शपथपत्रासह त्याच दिवशी द्या. नवरा पगारदार असेल तर थकलेली रक्कम पगारातून परस्पर वळवायची मागणीही घाला. मार्कशीट सासरी अडकल्यात? त्याही याच अर्जात मागा.