वेळेचा रकाना

प्रिय मुली,

तुझी फाइल दोनदा वाचली. नारायणगावच्या राहुट्यांपासून जत्रांच्या तळापर्यंत फडामागे फिरलीस, तमाशातल्या बायकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्यास, लाळेचे नमुने आणलेस, चौघींच्या मनगटाला ती काळजाचे ठोके मोजणारी घड्याळंही बांधलीस. आता प्रश्नावली म्हणते ताण कमी, लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, म्हणतं भलतंच, आणि घड्याळाच्या मते बाई मरायला टेकलीय. ‘यातलं खरं कुठलं?’ असं विचारतेस. अगं, तिन्ही खरी असतील! कधी मोजलंस, ते कुठाय? एवढ्या मोठ्या तक्त्यात वेळेचा रकानाच नाही.

नमुने सकाळी 8 ला घेतलेस, कारण पुस्तकात तसं आहे. पुस्तकातला माणूस रात्री झोपतो. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि मग उतरत जातं. ते जाग आल्यापासून मोजायचं, घड्याळात 8 वाजले म्हणून नव्हे. वग संपवून, तोंडाचा रंग पुसून, सामान ट्रकमध्ये चढल्यावर पहाटे 5 ला आडवी झालेली बाई तुझ्यासाठी 8 ला उठून बसली. तू तिची झोपमोड मोजलीस. (मिश्री लावून आलेल्यांचे नमुने वेगळे काढलेस ना? हिरडीतलं रक्त मिसळलं की नमुना गेलाच.) शिवाय धसका बसल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल शिगेला पोचायला 20 ते 30 मिनिटं लागतात. गवळण आटपून कनातीमागे आलेल्या बाईच्या लाळेत तुला सापडेल ती घुंगरं बांधतानाची धडधड. म्हणून म्हणते, वेळ लिही.

घड्याळाचं तर नावच काढू नकोस. नाचणाऱ्या बाईचं काळीज धावणारच. ते ढोलकीनं धावतंय की पुढच्या रांगेतल्या दारुड्याच्या भीतीनं, हे त्या यंत्राला काय कळणार? तुझ्या वहीत मिनिटं असती तर तुला कळलं असतं.

प्रश्नावलीचंही तेच. कोहेन आणि मंडळींची ताणाची मोजपट्टी 1983 ची, तू तिची 10 प्रश्नांची आवृत्ती वापरलीस. ती ‘गेल्या महिन्याभरात’ असं विचारते. कुठला महिना? दसऱ्याला बाहेर पडलेल्या फडाला चैत्र-वैशाखात जत्रांमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते, आषाढात तीच बाई घरी भात लावत असते. आणि पाव्हण्या बाईनं ‘ताण आहे का’ विचारल्यावर ‘टेन्शन नाय बाई’ हेच उत्तर येणार. ‘जीव घाबरा होतो का’ असं विचारून बघायचंस.

प्रस्तावनेतली तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट काढ. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे सांगून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत. त्या रात्री त्यांना विचारलं असतं आणि महिन्यानं विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं का? एवढं लिहिणार असशील तर ठेव.

हे शहाणपण मी जन्मतः घेऊन आले नव्हते. तीसेक वर्षांपूर्वी मी श्रीवास्तव आणि सिंग यांची 1981 ची, 46 विधानांची कामाच्या ताणाची मोजपट्टी मराठीत करून एका तळावर गेले होते. नोकरदारांसाठी बेतलेली. सोंगाड्या हसला, म्हणाला, ‘आमचा साहेब म्हंजे पब्लिक.’ एक वयस्कर बाई कागद हातात धरून विचारत होती, ‘आत्ता भरू का खेळ झाल्यावर?’ मी म्हटलं, आत्ताच भरा, काय फरक पडतो. तासाभरानं निरोप आला की गाव सुपारीचे पैसे अर्धेच देणार आहे. ती बाई तिथेच, पेटीवर, डोक्याला हात लावून बसली. तिचा कागद तोवर माझ्या पिशवीत होता, ‘ताण मध्यम’. सरासरी निघाली, लेख छापून आला, कौतुकही झालं. मी आळशी नव्हते गं. रजा दोन दिवसांची होती, अनुदान नव्हतं, आणि विभागात कोणी ‘कधी भरून घेतलं’ असं विचारलंही नाही. विचारायला हवं होतं मीच, हेही खरं.

तुझे सर सीग्रिस्टचं श्रम आणि मोबदल्याचं गणित घाल म्हणतात, म्हणजे राबणं जास्त आणि मोबदला कमी असला की ताण. घाल, 1996 चं असलं तरी इथे उपयोगी आहे. पण उचल घेऊन हंगामभर राबणाऱ्या बाईला मोबदल्याचं विचारशील तेव्हा उचल फिटली होती की नाही, हे शेजारी लिही. ती पण वेळच आहे.

नमुने फेकू नकोस. फडाच्या मॅनेजरला फोन कर. कुठल्या रात्री कुठलं गाव, ते त्याच्या सुपाऱ्यांच्या वहीत मिळेल. खेळ किती वाजता उभा राहिला, 10 नंतर भोंगा बंद करायला पोलीस कुठे आले, कोण किती वाजता झोपलं, हे त्या चौघींनाच विचार. दुपारी विचार, सकाळी नको. मग रविवारी ये. थालीपिठं लावते. तक्त्याचा छापील कागद आण, डाव्या बाजूला चार बोटं जागा सोडून.

तुझी,
बाई