शंभर किलोमीटरची तयारी आणि संध्याकाळचा स्वयंपाक

निधी उभा करण्यासाठी निघणाऱ्या सायकल फेरीत पहिल्यांदाच उतरणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी खालची आकडेवारी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : फेरी १०० किलोमीटरची आहे आणि हातात १२ आठवडे आहेत. आजवर एका दमात २० किलोमीटरच्या वर गेलेली नाही. नोकरी आहे, संध्याकाळचा स्वयंपाकही माझ्याकडेच. रोज सायकल चालवणं जमणार नाही. मग नाव मागे घेऊ का?

उत्तर : नाव राहू द्या. रोज चालवायची गरजच नाही. आठवड्यातून तीनदा पुरे : मधल्या वारी ४५ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब.

लांब फेरीची अंतरं अशी ठेवा : २५, ३०, ३५, २५, पुढचे चार आठवडे ४०, ४८, ५६, ४०, मग ६५, ७८, ४० आणि बाराव्या आठवड्यात प्रत्यक्ष फेरी. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलंय. ताकद वाढते ती विश्रांतीत, आणि हा हलका आठवडा गाळणाऱ्यांचे गुडघे बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात बोलू लागतात. सरावात १०० गाठायची गरज नाही. ७८ झाले की उरलेले २२ सोबतीने आणि थांब्यांच्या आधाराने होतात.

मधल्या दोन फेऱ्यांपैकी एक निवांत, पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल अशा वेगाने. दुसरी जोराची : १० मिनिटं हळू, मग ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं सैल असं चार वेळा (शेवटच्या जोरानंतरची ३ मिनिटं वगळून), आणि शेवटी १० मिनिटं हळू. बरोबर ४५ मिनिटं. 'जोरात' म्हणजे दोन-तीन शब्दांपुढे बोलता येऊ नये, पण चौथ्या वेळीही पहिल्याइतकाच जोर लावता यावा. बहुतेकांची चूक इथेच होते. तिन्ही फेऱ्या ते मध्यम दमवणाऱ्या एकाच वेगाने करतात. त्यात ना दम वाढतो, ना पाय ताजे राहतात.

आठवड्यात एकच फेरी जमणार असेल तर लांब फेरी ठेवा, बाकीच्या सोडा. आजारपणात आठवडा बुडाला तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढू नका. यादीत एक पायरी मागे या आणि तिथून चालू करा. कामावर सायकलने जात असाल तर तो वेळ निवांत फेरीत धरायला हरकत नाही.

प्रश्न : सराव करून घरी येते तेव्हा भूक अशी लागलेली असते की समोर दिसेल ते तोंडात जातं. त्यानंतर स्वयंपाक करायचं त्राण उरत नाही. काय करू?

उत्तर : सरावाच्या दिवशी स्वयंपाक सरावाच्या आधी व्हायला हवा, निदान अर्धा तरी. परत आल्यावर फक्त गरम करणं आणि एखादी ताजी भाजी परतणं, एवढंच काम उरावं.

कडधान्य सकाळी कामाला जाताना भिजत घाला. ८ ते १२ तास भिजलेले दाणे लवकर आणि सारखे शिजतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळू द्या. त्यातलं लेक्टिन हे अपायकारक प्रथिन मंद आचेच्या भांड्यात नीट नष्ट होत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा पोट चांगलंच बिघडवतो. भाज्या चिरून झाकून ठेवा. कुकर किंवा काहीही विस्तवावर ठेवून सायकल काढू नका. 'अर्ध्या तासात येते' म्हणणाऱ्याचंच नेमकं पंक्चर होतं.

आठवड्यातून एकदा दुप्पट शिजवा आणि एका जेवणापुरते डबे भरा. फ्रीजमध्ये ३ दिवस, त्यापुढचे फ्रीजरमध्ये. झाकणावर पदार्थ आणि तारीख लिहा, कारण गोठल्यावर सगळे डबे सारखेच दिसतात. हे काम लांब फेरीच्या दिवशी ठेवू नका, आदल्या दिवशी उरका. ६० किलोमीटर करून आलेल्या माणसाने तासभर ओट्यापाशी उभं राहणं ही शिक्षा आहे.

भाताबद्दल सावध राहा. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातून वाचतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून शिजलेला भात पसरट ताटात घालून तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम करा.

समोर दिसेल ते खाण्यावर उपाय सरावाआधी आहे. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा सराव यांत चार तासांहून जास्त अंतर असेल, तर निघण्याच्या तासभर आधी एक केळं किंवा जॅम लावलेला पावाचा तुकडा खा. आल्यावर दोनेक तासांत नीट जेवा. या सरावात प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. ६० किलो वजनाला ७२ ते ९६ ग्रॅम झाली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे ९. त्यामुळे हा हिशेब एका जेवणात बसत नाही, तीन-चार वेळांत वाटावा लागतो.

प्रश्न : दुकानातली एनर्जी जेलची (सायकल चालवताना खायच्या दाट, गोड पेस्टची) पाकिटं मला सहन होत नाहीत, दुसऱ्या पाकिटालाच मळमळतं. घरचं काय नेता येईल? आणि पाणी किती प्यायचं?

उत्तर : दीड तासाहून लांब फेरीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, मोठ्या मऊ खजुरात १८ च्या आसपास, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २०. मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडलेले लहान बटाटे हा तर सगळ्यांत सोपा खाऊ. गोडाचा कंटाळा आला की तेच चांगले लागतात.

भाताच्या वड्या त्याहून सोयीच्या. ४०० ग्रॅम आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ ८५० मिलिलिटर पाण्यात मऊ शिजवा. गरम असतानाच ४५ ग्रॅम साखर आणि चहाचा पाऊण चमचा मीठ मिसळा. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात कागद घालून भात ओल्या हाताने घट्ट दाबा आणि लगेच गार करा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी १२ वड्या कापा. एका वडीत साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं येतात. वड्या भुगा होत असतील तर तांदूळ लांब दाण्याचा होता, किंवा दाबायला उशीर झाला. एकेक वडी फॉइलमध्ये अशी गुंडाळा की एका हाताने सोडता येईल. भाताचा नियम इथेही लागू : फ्रीजबाहेर काढल्यावर तीन तासांत खा, फार उकाडा असेल तर दोन. त्यानंतरच्या तासांसाठी केळी आणि खजूर.

मळमळण्याचं कारण बहुधा जेल नसतं. ते पाण्याशिवाय गिळणं, किंवा भूक लागेपर्यंत थांबून मग घाईने खाणं, हे असतं. पहिला घास निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात, मग दर २०-२५ मिनिटांनी थोडं थोडं. पोटालाही सराव लागतो, म्हणून सरावाच्या प्रत्येक लांब फेरीत तेच खा, जे प्रत्यक्ष फेरीच्या दिवशी खाणार आहात.

पेय घरी करायचं तर ५०० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ आणि चवीपुरतं लिंबू. साखर दुप्पट केली की ताकद दुप्पट होत नाही. पेय पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो आणि पाणी पोटात डुचमळत राहतं.

पाण्याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. सरावाआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. दोन तासांत वजन ०.८ किलो उतरलं आणि वाटेत १ लिटर प्यायलात, तर घाम १.८ लिटर गेला, म्हणजे ताशी ९०० मिलिलिटर. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरू नये, एवढं पाहा. बहुतेकांना ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर पुरतं. उलट वजन वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. रक्तातलं सोडियम पातळ होणं हे तहानेपेक्षा धोक्याचं.

प्रश्न : ३५ किलोमीटरनंतर गुडघा पुढून दुखतो आणि करंगळीला मुंग्या येतात. सायकल लहान पडते का?

उत्तर : आधी सीट पाहा. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पॅडल अगदी खाली आणा आणि टाच त्यावर ठेवा. गुडघा पूर्ण सरळ होऊन टाच जेमतेम टेकली पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक उरतो. पुढून दुखणारा गुडघा बहुधा सीट खाली असल्याचं सांगतो, मागून दुखणारा ती वर असल्याचं. पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तरी सीट वरच आहे.

एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच बदल करा आणि दोन-तीन फेऱ्या करून पाहा. आधीच्या उंचीवर टेपची खूण ठेवा. सीटच्या दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

दुसरं कारण जड गिअर. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. सपाट रस्त्यावर २० ते २२ हवा. १५-१६ भरत असेल तर गिअर हलका करा.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येणं म्हणजे तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जातेय. बऱ्याचदा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा, कोपर सैल ठेवा, दर दहा मिनिटांनी पकड बदला. दुसऱ्या दिवशीही मुंग्या राहिल्या, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : महिन्यात तीन पंक्चर झाली. शिवाय नवी चेन टाकली, तरी चढावर जोर दिला की ती घसरते.

उत्तर : ट्यूबवरचं भोक सगळं सांगतं. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती, ट्यूब रिमवर चिमटली. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा किंवा काच अजून टायरमध्ये आहे. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालणं म्हणजे पुढच्या पंक्चरची तयारी. आतून बोटाऐवजी फडकं फिरवा, ते जिथे अडकेल तिथे शोधा. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे.

हवा दर फेरीआधी पाहा, कारण ट्यूब चांगली असली तरी आठवडाभरात हवा उतरतेच. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६५ ते ७५ पीएसआय ठीक. टायरच्या कडेवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. ट्यूब बदलताना आधी तिच्यात थोडी हवा भरा, म्हणजे ती पिळली जात नाही. टायर चढवण्याचा शेवट व्हॉल्व्हपाशी करा आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून ट्यूब कडेत अडकली नाही ना, ते पाहा. घरी दोनदा करून बघा, रस्त्यावर दहा मिनिटांत होतं.

चेनचं म्हणाल तर दोष बहुधा मागच्या दातेरी चक्रांचा आहे. जुनी चेन ताणली जाताना तिने दातेही आपल्या मापाने झिजवले, आता नवी चेन त्यांत बसत नाही. चक्रांचा संच बदलावा लागेल. पुढच्या वेळी चेन वेळेवर मोजा : एका पिनेच्या मध्यापासून चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. तिथे सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदला. आठांश भरेपर्यंत थांबलात तर चक्रंही गेली. तेल चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, काही मिनिटं फिरवून बाहेरचं पुसून काढा. ओथंबलेली चेन धूळ धरते आणि लवकर झिजते.

प्रश्न : देणगी मागायला संकोच वाटतो. कधी सुरुवात करावी?

उत्तर : आठ आठवडे आधी, आणि ओळखीच्या पाच-सहा जणांना एकेकट्याने लिहून. सामूहिक निरोपाला उत्तर देणं हे कुणाचंच काम नसतं. पैसा कुठे जाणार ते एका वाक्यात सांगा आणि नोंदणी शुल्क तुम्ही स्वतः भरलंय हेही लिहा. रोख घेतली तर त्याच दिवशी पावती द्या.

प्रश्न : शेवटच्या आठवड्यात काय करावं?

उत्तर : फार काही नाही. दोन फेऱ्या ३०-४० मिनिटांच्या, त्यांपैकी एकीत मिनिटभराचे तीन जोर. आदल्या दिवशी २० मिनिटं, तीही ब्रेक, गिअर आणि हवा तपासण्यासाठी. नवी सीट, नवे बूट, नवी पँट या आठवड्यात नको. आदल्या दिवशी कडधान्यं आणि कच्च्या भाज्या कमी करा, भात-बटाटा वाढवा, लवकर जेवा. सकाळी निघण्याच्या अडीच-तीन तास आधी सवयीचा नाश्ता.

पहिले २० किलोमीटर सोपे वाटतील त्याहूनही हळू काढा. घोळक्यात पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवू नका. तो जरा वळला की पडता तुम्ही, तो नाही. थांब्यावर ५-७ मिनिटंच, जास्त बसलात तर पाय आखडतात. ताशी १८-२० किलोमीटरने चालवलं तर थांबे धरून सहा-साडेसहा तास लागतील. आयोजकांची वेळेची मर्यादा आधीच विचारून घ्या.

आणि त्या रात्रीच्या जेवणाचा डबा फ्रीजरमधून आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवा, परत येईपर्यंत तो सुटलेला असेल.