तारकागुच्छातले रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे फोटोंवरून कसे सापडतात?
त्याच गुच्छाचे लागोपाठ फोटो घ्यायचे आणि प्रत्येक ताऱ्याची प्रत, म्हणजे दिसणारं तेज, तेज न बदलणाऱ्या स्थिर ताऱ्यांशी ताडायची. श्यामशबल तारकासमूहातला एम ३ हा गुच्छ घ्या. त्यात आरआर लायरी या रूपविकारी प्रकारचे दोनशेहून जास्त तारे आहेत. बरेचसे झपकन उजळतात, मग सावकाश मंदावतात. अनेकांचं आवर्तन, म्हणजे उजळण्या-मंदावण्याचा एक फेरा, अर्ध्या दिवसाच्या आसपास. गोम इथेच आहे! रोज ठरल्या वेळी एकच फोटो काढलात, तर असा तारा जवळपास तसाच दिसतो आणि बदल हुकतो. म्हणून रात्रभर फोटो हवेत.

गाभ्यात मात्र ताऱ्यांची इतकी दाटी, की एकाचा उजेड दुसऱ्यात सांडतो. तिथे एका फोटोतून दुसरा वजा करतात: स्थिर तारे पुसले जातात, बदललेले ठिपके उरतात. आरआर लायरींची खरी तेजस्विता साधारण सारखीच, त्यामुळे ती दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतरही निघतं. एम ३ सुमारे ३४,००० प्रकाशवर्षांवर आहे.