वाचकांचे प्रश्न : रिम कंपनीचंच, टायर मात्र रुंद

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली टोयोटा जीटी८६ आहे. रिम मूळची १७ इंची, टायर २१५/४५ आर १७. टायर आता बदलायलाच आले आहेत. रिम न बदलता २२५ किंवा २३५ रुंदीचे बसतील का? वळणावर मागची चाकं लवकर सुटतात, ते त्याने थांबेल का?
– एक वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी

उत्तर : २२५/४५ आर १७ बसतील. (पहिला आकडा टायरची रुंदी, मिमीत; दुसरा टायरच्या बाजूची म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यांत; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत.) २३५ बसवू नका.

आधी रिम मूळचंच आहे का ते बघा, कारण गाडी दुसऱ्याच्या हातून आलेली आहे. चाक काढून स्पोकच्या मागची बाजू पुसा. तिथे ‘१७ x ७ जे’ आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून त्याची गाडीला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते, मिमीत) ‘४८’ असं ओतीव अक्षरांत सापडायला हवं. ७ म्हणजे टायरच्या बीड (रिममध्ये बसणाऱ्या आतल्या कडक कडा) जिथे टेकतात त्या दोन कडांमधलं अंतर, इंचांत. सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे.

प्रत्येक टायरला किती रुंदीचं रिम चालतं, हे युरोपात ईटीआरटीओ या संस्थेच्या मानकांनी ठरलेलं आहे. २१५/४५ आर १७ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ ला ७ ते ८.५, २३५/४५ ला ७.५ ते ९. म्हणजे २२५ साठी तुमचं रिम अगदी खालच्या मर्यादेवर आहे आणि २३५ साठी अर्ध्या इंचाने अरुंद. कमी उंचीचे २३५/४० किंवा २४५/४० मागितलेत तर त्यांना किमान ८ इंच लागतात. ‘बसतो हो, आम्ही खूप बसवलेत,’ असं टायरवाला म्हणेल. मशीनवर चढतो हे खरंच, पण त्याच्या बाजू तिथे नीट काम करत नाहीत.

टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक रिमवर मोजलेली असते. २२५/४५ साठी ते मोजमापाचं रिम ७.५ इंचांचं. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झालं की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने घटते, म्हणजे तुमच्या रिमवर २२५ चा टायर प्रत्यक्षात २२० च्या आसपास भरेल. सध्याचा २१५ चा टायर ७ इंचांवरच मोजला जातो आणि २१३ च्या जवळपास असतो. तेव्हा कागदावरची १० मिमीची वाढ गाडीवर ७ मिमीचीच राहते, आतल्या-बाहेरच्या बाजूला मिळून.

२३५ च्या बाबतीत याच्याही पुढची गोष्ट होते. बीड जवळ ओढल्या गेल्यामुळे साइडवॉल बाहेर फुगते, नक्षीचा पट्टा मधोमध उंचावतो आणि शोल्डर, म्हणजे नक्षीच्या दोन्ही कडा, रस्त्यावर नीट टेकत नाहीत. मधली नक्षी आधी झिजते. स्टीअरिंग वळवल्यावर आधी साइडवॉल वाकते, मग गाडी वळते. जीटी८६ चं स्टीअरिंग ज्यासाठी लोकांना आवडतं तेच हरवतं. वळणात ही साइडवॉल जास्त हलते, म्हणून तापतेही जास्त. हवा कमी असताना जोरात वळवलं तर बीड रिमवरून सुटण्याचा धोका वेगळाच.

आता व्यास. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५ मिमी, २२५/४५ चा ६३४. फरक ९ मिमी, सुमारे १.४ टक्के. गाडी साडेचार मिमीने उंच होते, प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, आणि स्पीडोमीटर आधी दाखवायचा त्याहून दीड टक्का कमी दाखवतो. युरोपच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. कंपन्या मुळातच तो थोडा जास्त दाखवतात, त्यामुळे एवढा फरक सहसा त्यात मावतो. २३५/४५ चा व्यास मात्र ६४३ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ तीन टक्के.

जागेचं म्हणाल तर मूळ सस्पेन्शनवर २२५ अडत नाहीत. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली केलेली असेल तर मात्र तपासावं लागेल. पुढे आतल्या बाजूला शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर यांत किमान ५ मिमी फट हवी. मग चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकवर आणि मागच्या मडगार्डच्या दुमडलेल्या कडेवर मुलांच्या खेळण्यातली क्ले बोटभर जाडीने चिकटवा, मागे दोन माणसं बसवा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून एखाद्या उतारावर तिरकी गाडी सावकाश चढवा-उतरवा. क्ले किती दबली ते बघितलं की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. फक्त मागे २२५ घातले तर गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यात कायमचा फरक पडतो आणि एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल त्याच आकड्यांवर चालतात. मागच्या दोन टायरांची झीजही सारखी ठेवा, नाहीतर टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) सरळ रस्त्यावरही उगाच काम करत राहतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळच्या ८७ (५४५ किलो) पेक्षा कमी नको. २२५/४५ मध्ये ९१ (६१५ किलो) सहज मिळतो. टायरला किती वेग झेपतो ते सांगणारं अक्षर मूळचं डब्ल्यू आहे, ते किंवा वरचं घ्या.

बसवताना तीन गोष्टींवर स्वतः उभं राहून लक्ष द्या. व्हॉल्व्हला हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर बीड रिमपासून सोडवणारा मशीनचा हात त्याच्या जवळ लावू देऊ नका. अरुंद रिमवर बीड कधीकधी बसायला कुरकुर करते. तेव्हा ४० पीएसआयच्या वर हवा न नेता ती पूर्ण सोडून, पुन्हा साबण लावून, परत भरायची. टायरवर रिमच्या कडेला समांतर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की बीड बसली. नट एम १२ x १.२५ चे आहेत. ते हाताने सुरू करून हँडबुकातल्या टॉर्कने आवळा आणि १०० किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा.

हवा ३५ पीएसआय, म्हणजे २.४ बारपासून सुरू करा. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ, सपाट जागी शंभरेक मीटर चालवा. मधलीच रेघ पुसली गेली तर १ पीएसआय कमी, कडांची पुसली तर १ वाढवा. मात्र ३३ च्या खाली जाऊ नका. अरुंद रिमवर साइडवॉलला आधार हवेचाच असतो.

जर्मनीत एक काम टाळता येणार नाही. गाडीच्या सीओसी कागदात (कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात) जे माप नाही ते बसवलं तर ट्यूव्ह किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. टायर विकत घेण्याआधी तपासनिसाला माप दाखवा.

राहिला चाकं सुटण्याचा प्रश्न. टोयोटाने ही गाडी मिशेलिनच्या प्रायमसी एचपी टायरवर विकली. तो आराम आणि कमी घर्षणासाठीचा टायर; पकड जाणूनबुजून बेताची ठेवलेली, म्हणजे कमी वेगातही गाडी खेळती राहते. तुमच्या गाडीवर तोच किंवा तसलाच टायर असेल, तर २१५/४५ याच मापाचा चांगला स्पोर्ट टायर घेतल्याने जी पकड वाढेल, ती ७ मिमी रुंदीने वाढणार नाही. पकड रबराच्या मिश्रणातून आणि टायरच्या आतल्या बांधणीतून येते. हवेचा दाब तोच असेल तर रस्त्याला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, तो आडवा रुंद आणि उभा आखूड होतो, एवढंच. आमचं मत स्पष्ट आहे : मूळचं माप, वरच्या दर्जाचा टायर. ट्यूव्हची फेरीही वाचेल.

प्रश्न : फोर्ड मस्टँग जीटीला मागे २७५/४० आर १९ च्या जागी २८५/३५ आर १९ बसवायचे आहेत. हे माप सहज मिळतं म्हणे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. मागचं रिम ९.५ इंचांचं आहे आणि २८५/३५ ला तेच किमान लागतं, त्यामुळे रिमची हरकत नाही. हरकत व्यासाची आहे. २७५/४० चा व्यास ७०३ मिमी, २८५/३५ चा ६८२. पुढचे २५५/४० आर १९ आहेत ६८७ मिमीचे. कंपनीने मागचं चाक पुढच्याहून १६ मिमीने मोठं ठेवलंय. तुमच्या बदलाने ते लहान होईल. मागची चाकं पुढच्यांपेक्षा अपेक्षेहून तीन टक्के जोरात फिरतायत असं ट्रॅक्शन कंट्रोलला सतत दिसत राहील. मागचा भाग १० मिमीने खाली येईल, आणि आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : रुंद टायर जास्त वजन पेलतो असं नाही. साध्या बांधणीच्या २७५/४० चा लोड इंडेक्स १०१, म्हणजे ८२५ किलो. २८५/३५ चा ९९, म्हणजे ७७५.

कसारा घाटात जुलैमध्ये गाडी काढत असाल तर रुंदीपेक्षा नक्षीची खोली बघा. टायर जितका रुंद तितकं पाणी बाजूला सारायचं काम जास्त, आणि तो पाण्यावर लवकर तरंगतो. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे. या रुंदीच्या टायरला पावसाळ्यापूर्वी ३ मिमीवरच रजा द्या.

प्रश्न : पोलोच्या १५ इंची मूळ रिमवर २०५/५५ टायर घातलेत. आतून घासतात म्हणून स्पेसर लावू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्पेसर म्हणजे रिम आणि हब (रिम ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) यांच्या मध्ये घालायची चकती. तो चाक बाहेर ढकलतो, रिम रुंद करत नाही. तुमचं रिम ६ इंचांचं आहे. २०५/५५ आर १५ ला ते चालतं, पण मोजमापाचं रिम ६.५ आहे. नेमकं कुठे घासतंय ते आधी शोधा. फक्त स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर प्लॅस्टिकला घासत असेल तर स्पेसरने ते वाढेलच, कारण टायरची बाहेरची कड आणखी मोठा फेरा घेईल. १९५/६० आर १५ ला ६ इंच हेच मोजमापाचं रिम आहे, आणि व्यास दोन्हींचा जवळपास तेवढाच : ६१५ आणि ६०७ मिमी. पुढच्या वेळी तेच घ्या. तोवर स्पेसर लावायचाच असेल तर ५७.१ मिमी हबवर घट्ट बसणाराच हवा. पोलोला नट नसून बोल्ट आहेत, एम १४ x १.५ चे, स्पेसर जितका जाड तितकेच मूळच्यापेक्षा जास्त लांब बोल्ट घ्या. आवळताना किमान साडेसात फेरे मोजा. तेवढे भरले नाहीत तर ते चाक रस्त्यावर नेऊ नका.